वारस नसलेल्या आपल्या माणसांचे काय?

आपल्याकडचा व्यापारी उधारीची वही रोज रात्री तपासतो. कोणाकडून किती येणे, कोणाला किती देणे, सारे तोंडपाठ असते. पण आपल्या पश्चात दुकान, माल आणि बँकेतली रक्कम कोणाकडे जाईल, असे विचारले तर ‘मुले बघून घेतील’ एवढेच उत्तर मिळते.

वारसांचे हिस्से शरीअतने ठरवून दिले आहेत. प्रश्न आहे तो घरात-दुकानात आपली म्हणून वावरणाऱ्या, पण वारस न ठरणाऱ्या तीन माणसांचा: यतीम नातू, पाळलेले मूल आणि जुना कारागीर. त्यांची सोय मालकाने हयातीतच केली पाहिजे.

यतीम नातू

समजा, एका व्यापाऱ्याला तीन मुलगे. थोरला बापाच्या आधीच वारला. त्याचा मुलगा आजोबांबरोबर दुकानात बसतो. आजोबांच्या इन्तेकालनंतर हयात मुलग्यांमुळे या नातवाला वारसा मिळत नाही. मात्र त्याच्या नावे वसीयत करता येते.

हिशेब पाहू. मालमत्ता २७ लाखांची. प्रथम कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज. बाकी राहिलेली मेहेरही कर्जच. हे ३ लाख वजा जाता २४ लाख उरले. त्याच्या एक तृतीयांशापर्यंत, म्हणजे ८ लाखांपर्यंत वसीयत चालते. राहिलेल्या १६ लाखांत पत्नीचा आठवा हिस्सा २ लाख आणि दोन्ही मुलग्यांना प्रत्येकी ७ लाख. वारस म्हणून आई-वडील किंवा मुलीही असतील तर वाटण्या बदलतील.

एक तृतीयांशाहून अधिक द्यायचे असेल किंवा एखाद्या वारसालाच वसीयतीने जादा द्यायचे असेल, तर मृत्यूनंतर इतर वारसांची संमती लागते. (हे हनफी मताप्रमाणे, शिया फिक्हमध्ये काही नियम वेगळे आहेत.)

तोंडी वसीयतही कायद्याने चालते. पण ती सिद्ध करताना घरात भांडणे होतात. म्हणून लिहून ठेवा, वारस नसलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि शक्य तर नोंदणी करा. हयातीत वसीयत केव्हाही बदलता येते.

पाळलेले मूल

शरीअतमध्ये अनाथाला सांभाळणे पुण्याचे काम आहे. पण त्याने पाळलेले मूल वारस होत नाही आणि त्याच्या खऱ्या बापाचे नावही पुसले जात नाही. शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले की, बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येते. मात्र तसे घेण्याची सक्ती कोणावर नाही. ज्यांना त्या मार्गाने जायचे नाही, त्यांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक मिळवता येते. पालकत्वाने वारसा मात्र मिळत नाही.

अशा मुलासाठी वसीयत आहेच; दुसरा मार्ग हिबा, म्हणजे हयातीत दिलेले दान. हिब्याला एक तृतीयांशाची मर्यादा नाही. पण तीन गोष्टी हव्यात: देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे. मूल अज्ञान असेल तर त्याच्या वतीने कोण स्वीकारणार आणि ताबा कोण घेणार, हे वकिलाला विचारूनच ठरवा. ‘हे दुकान तुझे’ असे म्हणून चाव्या आणि गल्ला स्वतःकडेच ठेवला, तर हिबा टिकणे कठीण. शेवटच्या आजारात केलेल्या हिब्याला मात्र वसीयतीचीच मर्यादा लागते. म्हणून अंथरूण धरण्याची वाट पाहू नका.

बँकेत नॉमिनी लावला म्हणजे काम झाले, असेही समजू नका. बँकेच्या खात्यातला नॉमिनी रक्कम घेण्यापुरता असतो. मालकी वारसांचीच राहते.

जुना कारागीर

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानात, कारखान्यात पाच वर्षे सलग काम केलेल्या कामगाराला नोकरी सुटताना ग्रॅच्युइटी मिळते. १९७२ च्या कायद्याने आलेला हा हक्क नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. कामगार कामावर असताना वारला, तर पाच वर्षांची अट नाही.

मासिक वेतन १३ हजार असेल तर २६ ने भागून रोजचे ५०० रुपये; १५ दिवसांचे ७,५००. दहा वर्षांचे झाले ७५ हजार. ही बक्षिशी नव्हे, मालकावरचे देणे आहे. मालकाच्या मृत्यूनंतरही थकलेला पगार आणि ग्रॅच्युइटी हे कर्जच; ते फेडल्याशिवाय वारसांनी वाटणी करू नये. म्हणून नेमणुकीचा कागद आणि पगाराची नोंद जपून ठेवा.

चार-पाच माणसांच्या कारखान्याला ग्रॅच्युइटीचा हा नियम लागत नाही. तेथे तीस वर्षे राबलेल्या कारागिरासाठी त्याच एक तृतीयांशातून काही ठेवता येते.

या आठवड्यात उधारीच्या वहीचे एक कोरे पान घ्या. त्यावर मालमत्ता, कर्ज, मेहेर, कामगारांचे देणे आणि या तीन माणसांची नावे लिहा. मग ते पान घेऊन एखाद्या जाणत्या आलिमांकडे आणि वकिलाकडे जा.