दोन लॅब, एकच प्रयोग आणि दोन उत्तरं

आजचा विषय म्हणजे विज्ञानाचं एक अवघड जागेचं दुखणं आहे. एका लॅबने प्रयोग केला, निकाल छापून आला. दुसऱ्या लॅबने तोच प्रयोग करून पाहिला, तर उत्तर वेगळंच. मग पहिली शंका काय येते? कोणीतरी लबाडी केली, नाहीतर कोणाला तरी काम जमत नाही. कधी कधी ते खरंही असतं. पण आज ज्या दोन गोष्टी सांगणार आहे, त्यांतली माणसं प्रामाणिक होती, कामात पक्की होती, आणि तरी आकडे जुळत नव्हते.

पहिली गोष्ट अमेरिकेतल्या दोन लॅबची. एक बर्कलीत मीना बिसेल यांची, दुसरी बॉस्टनमध्ये कॉर्नेलिया पोल्याक यांची. दोघीही स्तनाच्या कर्करोगावरच्या संशोधनातली मोठी नावं. दोन्ही लॅबनी मिळून एक काम हाती घेतलं होतं. स्तनाची उती घ्यायची, तिच्यातल्या पेशी सुट्ट्या करायच्या, त्यांना चमकणाऱ्या खुणा लावायच्या आणि यंत्रातून त्यांची प्रकारवार वर्गवारी करायची. रोजचं काम, बरं का. पण एका ठिकाणची वर्गवारी दुसऱ्या ठिकाणच्या वर्गवारीशी काही केल्या जुळेना.

मग शोध सुरू झाला. यंत्र तपासलं. उती कुठून आणली ते पाहिलं. पेशी ज्या द्रावणात ठेवतात त्यातले घटक, रंग लावायची पद्धत, सगळं एकेक करून तपासलं. यात वर्षाहून जास्त काळ गेला. शेवटी दोन्हीकडच्या संशोधकांनी शेजारी शेजारी उभं राहून, एकाच उतीवर, आपापल्या पद्धतीने काम केलं. तेव्हा कुठे लक्षात आलं, की एक लॅब उती काही तास जोरात ढवळत होती आणि दुसरी ती रात्रभर हळूहळू डोलवत होती. पेशी सुट्ट्या दोन्हीकडे होत होत्या, पण हाती येणाऱ्या पेशी सारख्या नव्हत्या. 2014 साली त्यांनी हा सगळा शोधच छापला.

आता ही गोष्ट आधी कोणी का बोललं नाही? कारण ती बोलण्यासारखी वाटतच नव्हती. आपल्याकडे पाककृतीत ‘चवीपुरतं मीठ’ लिहितात ना, तसंच. लिहिणारीला ते किती ते पक्कं माहीत असतं. शोधनिबंधात पद्धतीसाठी जेमतेम जागा असते, आणि माझ्या मते निम्मं दुखणं तिथेच आहे.

दुसरी गोष्ट सूत्रकृमींची. सी. एलेगन्स नावाचा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा जीव, दोन-तीन आठवडे जगतो, म्हणून वार्धक्याच्या अभ्यासकांचा फार लाडका. 2000 साली गॉर्डन लिथगो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की काही रसायनांमुळे हे कृमी जास्त जगतात. काही वर्षांतच दुसऱ्या एका लॅबला तो परिणाम दिसला नाही. अशा वेळी माणसं एकमेकांवर निबंध लिहीत बसतात. लिथगोंनी पुढे वेगळी वाट धरली. कॅलिफोर्नियात ते स्वतः, न्यू जर्सीत मोनिका ड्रिस्कॉल आणि ओरेगनमध्ये पॅट्रिक फिलिप्स, अशा तीन लॅबनी ठरवलं की तेच प्रयोग तिन्हीकडे करायचे आणि आकडे जुळेपर्यंत फरक शोधत राहायचं.

सुरुवातीला आकडे जुळले नाहीतच. एक फरक तर मजेशीरच होता. एक लॅब कृमीचं वय अंडं फुटल्यापासून मोजत होती, बाकीच्या अंडं घातल्यापासून! मधला वेळ जवळपास अर्ध्या दिवसाचा. माणसाच्या आयुष्याच्या हिशेबात ही एक-दोन वर्षं झाली. आणि इथे तर औषधाने आयुष्य थोडं वाढलं की नाही, हेच मोजायचंय. मग कृमी कसे हाताळायचे इथपासून सगळं बारकाईने लिहून तिन्हीकडे एकच कार्यपद्धती लागू केली.

हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचं श्रेयही फारसं मिळत नाही. नवं औषध सापडलं की बातमी होते, ‘आमची घड्याळं जुळली’ याची होत नाही. पण ते न करण्याची किंमत मोठी आहे. त्या जुन्या निकालाच्या भरवशावर कोणीतरी पीएचडीची चार वर्षं घालवतं, कोणीतरी औषधाच्या चाचण्यांवर पैसा लावतं.

2017 मध्ये या गटाचे निकाल आले. तीन जातींचे मिळून 22 वाण आणि दहा रसायनं. दहापैकी सहांनी निदान एका तरी वाणाचं आयुष्य वाढवलं. थायोफ्लेविन टी हा रंग मात्र वेगवेगळ्या वाणांत टिकून राहिला. म्हणजे एकाच वाणावर एकाच लॅबने प्रयोग केला असता, तर बाकीची रसायनंही तितकीच भरवशाची वाटली असती.

लॅबा-लॅबांतला फरक तर बराच आटोक्यात आला. पण एक गंमत उरलीच. एकाच लॅबमध्ये, त्याच कार्यपद्धतीने, पुन्हा प्रयोग केला तर कधी कृमींची अख्खी तुकडी जास्त जगायची, कधी कमी. सगळं लिहून काढल्यावरही हा फरक गेला नाही. म्हणून त्यांनी एकेका प्रयोगावर न विसंबता तिन्हीकडे तो पुन्हा पुन्हा केला.