धानाच्या प्रदेशातील परागवाहक कीटक : पोंभुर्णा परिसराचा विचार

चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा परिसरात धान हे प्रमुख पीक होय. धानाचे फूल बहुतांशी स्वपरागणाने फळते. त्यास माशीची अपेक्षा नसते. त्यामुळे येथील शेतीविचारात परागवाहक कीटकांकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक असले, तरी ते इष्ट नव्हे. धुऱ्यावरील तूर आणि परसातील भोपळा, कारले, दोडका ही पिके धानाच्या नियमाने चालत नाहीत.

वेलभाज्यांत नर व मादी फुले निरनिराळी असतात. त्यांचा पराग चिकट असल्याने वाऱ्याने वाहून जात नाही. कीटक येईनासे झाले की फळधारणा खुंटते. तुरीचे परागकोश कळीतच फुटतात व स्वपरागण घडते. तथापि आग्या माश्या आणि पाने कातरणाऱ्या एकाकी माश्या तिचा पराग झाडाझाडांवर नेतात. इक्रिसॅट संस्थेने विकसित केलेल्या व २०१० साली प्रसारित झालेल्या ‘आयसीपीएच २६७१’ या संकरित तुरीचे बीजोत्पादन याच गुणावर आधारलेले आहे. नरवंध्य झाडास परका पराग आणून देणारी माशीच असते.

खरा पेच फवारणीच्या वेळेचा आहे. शेंगा पोखरणाऱ्या अळीचा उपद्रव तुरीच्या फुलोऱ्यातच सुरू होतो, आणि माश्यांची वर्दळही तेव्हाच असते. तुरीची फुले दिवसा उमलतात. म्हणून अपरिहार्य फवारणी सूर्यास्तानंतर करणे हितावह ठरते. परंतु दोडका व दुधी यांची फुले सायंकाळी उमलतात आणि त्यांवर निशाचर पतंग येतात. जवळच असे वेल असल्यास सायंकाळचा फवारा त्यांच्यापासून दूर ठेवणे अगत्याचे आहे. सारांश, फवारणीचा एकच नियम सर्व पिकांस लागू पडत नाही.

निवाऱ्याचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. आग्या माशी उंच वृक्षांवर पोळे बांधते, सातेरी ढोलीत राहते, तर कित्येक एकाकी माश्या न नांगरलेल्या जमिनीत अथवा पोकळ काड्यांत घर करतात. जुने वृक्ष व गवताळ धुरे राखणे हे म्हणूनच शेतीचेच काम होय. मध काढताना सारे पोळे जाळल्यास अंडी व अळ्या नष्ट होतात; तो भाग राखून केवळ मधाचा कांदा कापल्यास वसाहत टिकू शकते.

परागवाहकांची हानी धानाच्या राशीत दिसून येत नाही. ती प्रथम परसातील वांझ वेलीवर, म्हणजे कुटुंबाच्या रोजच्या कालवणात जाणवते. धानाच्या उताऱ्यावरून शेतीचे स्वास्थ्य मापणाऱ्या अभ्यासकाने हे ध्यानी ठेवावे.