लालाग्रंथीची काचपट्टी कशी वाचावी?

पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावी वैद्यांच्या मेजावर येणाऱ्या माहितीपत्रकांत 'मूषकांवरील परीक्षणात ऊतींमध्ये विकृती आढळली नाही' हे वाक्य वारंवार दिसते. २०१० साली नियम १५८-ब आल्यावर अनुसूची इ-१ मधील विषद्रव्ये असलेल्या पेटंट औषधांस सुरक्षितता-परीक्षण आवश्यक झाले. तेव्हा फार्मसीचालकांनाही हे वाक्य परके नाही. ते कितपत ग्राह्य धरावे, हे लालाग्रंथीच्या उदाहरणाने पाहू.

मूषकासही मनुष्याप्रमाणे कर्णमूल, अधोहनु व अधोजिव्हा अशा लालाग्रंथींच्या तीन मुख्य जोड्या असतात. परंतु त्याच्या अधोहनु ग्रंथीत कणिकांनी भरलेल्या वळणदार नलिका असतात. मनुष्यात त्या नाहीत. माऊस जातीत नराच्या ठायी त्या ठळक, मादीत लहान, कारण त्यांची वाढ टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून असते. (याच ग्रंथीच्या अभ्यासातून पुढे आलेल्या वृद्धिघटकांच्या शोधास, स्टॅनले कोहेन व रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना, १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) म्हणून वाजीकर योगाच्या परीक्षणात या नलिका बदलल्या, तर तो विषार न ठरवता प्रथम संप्रेरकांचा परिणाम तपासावा. नर-मादी एकत्र मोजलेला अहवाल आम्ही तरी बाजूला ठेवू.

आहाराचेही तसेच. केवळ द्रव आहारावर ठेवलेल्या रॅटची कर्णमूल ग्रंथी चर्वणाअभावी क्षीण होते. औषधाचा त्यात दोष नसतो. प्रयोगाने मधुमेही केलेल्या रॅटच्या स्रावी पेशींत मेदाचे थेंब साचतात. तुलनागटाचा आहार व प्रकृती समान नसेल, तर काचपट्टीवरील फरक कशाचा, हे सांगता येत नाही.

याउलट बाजू आम्हांस अधिक गंभीर वाटते. धत्तूर व पारसिक यवानी यांतील क्षारद्रव्ये लालास्राव रोखतात, आणि हे पेशींची रचना न बिघडवताही घडू शकते. काचपट्टी निर्दोष, मुख मात्र शुष्क! स्रावाचे मापन न केलेला अहवाल येथे काहीच सांगत नाही. वैशाखातल्या खानदेशी उन्हात कोरडे तोंड कोणासही नवल वाटत नाही. रुग्ण तक्रारच करत नाही. वृद्ध रुग्ण अन्य वैद्यकाच्या गोळ्याही घेत असतो आणि त्यांतील कित्येक लाला कमी करतात. बोधक कफाचा क्षय असा नकळत होतो. असे योग देताना पुढील भेटीत एवढे अवश्य विचारावे : भाकरीचा कोरडा घास पाण्यावाचून उतरतो का?