ग्वांचे
कानेरी द्वीपसमूहातील मूळ रहिवासी. काटेकोरपणे ही संज्ञा तेनेरीफ बेटापुरतीच. पण ती सर्वच बेटांतील मूलवासीयांना लावली जाते. ते उत्तर आफ्रिकेतील बर्बर लोकांचे वंशज होत. शेळ्या पाळणे व सातू पिकविणे ही त्यांची उपजीविका. धातू त्यांना अवगत नव्हते. तरीही दगड व लाकडी भाल्यांनिशी त्यांनी यूरोपीयांना जवळजवळ शतकभर झुंजविले. १४०२ मध्ये लांझारोते बेटावर सुरू झालेले आक्रमण १४९६ मध्ये तेनेरीफच्या पाडावाने संपले. त्यापूर्वी १४९४ मध्ये आसेंतेहो येथे त्यांनी स्पॅनिश सैन्याचा धुव्वा उडविला होता. १४९२ मध्ये कोलंबस याच द्वीपसमूहातून पश्चिमेकडे निघाला, तेव्हा तेनेरीफ स्वतंत्रच होते. युद्धे, रोगराई व गुलामांची विक्री यांमुळे ग्वांचे समाज मोडला. त्यांच्या जमिनी जेत्यांत वाटण्यात येऊन तेथे उसाचे मळे उभे राहिले. त्यांची भाषा लुप्त झाली असून काही शब्द व स्थलनामे तेवढी उरली आहेत.