कातचीं पानें आणि रक्तांतील चरबी



कात म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें विड्याचें तबक उभें राहतें. परंतु खैराच्या लाकडापासून निघणारा कात आजचा विषय नव्हे. येमेन, इथिओपिया, सोमालिया व केनिया या देशांत एक सदाहरित झाड होतें. त्याच्या कोंवळ्या पानांनाही अरबी भाषेंत ‘कात’ म्हणतात. येमेनांतील एडन बंदर १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई सरकारच्या अमलाखालीं होतें; तेव्हां तो मुलूख आपणांस अगदींच परका नाहीं.

येमेनांत दुपारचें जेवण आटोपलें कीं मंडळी बैठकीच्या खोलींत जमतात, पानें चावून चोथा गालांत सांठवितात आणि रस गिळीत तासन्‌तास गप्पा मारतात. पानें ताजींच हवीं असतात. कारण त्यांतील ‘कॅथिनोन’ नांवाचें उत्तेजक द्रव्य खुडणीनंतर एकदोन दिवसांत बरेंचसें ओसरतें. हें द्रव्य १९७५ सालीं वेगळें काढण्यांत आलें.

त्याचें कार्य कसें चालतें? रानांत वाघ समोर आला तर छाती धडधडते, भूक पळते आणि धांवण्यासाठीं शिधा म्हणून शरीर आपल्या कोठारांतील चरबी विरघळवून रक्तांत सोडतें. कॅथिनोन हीच आज्ञा वाघ नसतांना देतें! नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, जठर उशिरां रिकामें होतें, रात्रीचें जेवण नकोसें वाटतें. मनुष्य मात्र लोडाला टेकून बसलेलाच असतो.

यावरून, कातनें रक्तांतील चरबी उतरते व प्रकृति सुधारते, असें कोणी म्हणेल. सशांना सहा महिने हीं पानें चारून पाहिलें, तेव्हां त्यांच्या रक्तांतील कोलेस्टेरॉल खरोखरच घटलें. पण त्याच सशांच्या यकृतास इजा झाल्याचेंही आढळलें. मनुष्यांवरील निष्कर्ष तर एकमेकांशीं जुळत नाहींत. आणि त्यांत नवल नाहीं. बैठकींत पानांबरोबर धूम्रपान चालतें, गोड पेयें चालतात, जेवण चुकतें, हालचाल थांबते. यांतील प्रत्येक गोष्ट रक्तांतील चरबीवर आपापला परिणाम करीत असते.

कणगींतील धान्य उतरलें, म्हणजे घरचीं माणसें पोटभर जेवलीं असें होत नाहीं. उंदरांनींही कणगी उतरते. आंकडा तोच, कारण मात्र निराळें.

शिवाय खरें भय त्या आंकड्याबाहेर आहे. हृदयविकाराचे झटके सामान्यतः सकाळच्या प्रहरीं अधिक येतात. कात चावणाऱ्या रोग्यांत मात्र ते दुपारनंतर, म्हणजे बैठकीच्या वेळीं, अधिक येतात, असें येमेनांतील वैद्यकीय पाहणींत दिसून आलें. सकाळीं उपाशीपोटीं काढलेल्या रक्तांत या घटकेचा मागमूसही लागत नाहीं.

म्हणून चरबीचा आंकडा खालीं आला एवढ्यावर कोणीही समाधान मानूं नये. तो कशानें आला, हें आधीं विचारावें. नेमस्त आहारानें व रोजच्या चालण्यानें उतरलेली चरबी नाडीही शांत ठेवते. कातच्या बैठकींत नाडी धांवते आणि मनुष्य जागचा हलत नाहीं. या दोहोंतला भेद ओळखणें, हेंच आरोग्याचें पहिलें गणित आहे.