परसबागेतील कांद्याचे फूल आणि घरचे बियाणे

कांद्याच्या कुळातील काही जाती केवळ फुलांसाठी लावल्या जातात. मध्य आशियाच्या डोंगराळ प्रदेशातून युरोपच्या उद्यानांत गेलेल्या या जातींना उंच दांड्यावर चेंडूसारखा जांभळा गोंडा येतो आणि हॉलंडमधून त्यांच्या कंदांचा मोठा व्यापार चालतो. मात्र फूल येण्यासाठी या कंदांना कित्येक आठवडे कडक थंडी लागते. बारामती तालुक्यात, कऱ्हाकाठच्या मोरगावसारख्या पर्जन्यछायेतील गावी ती मिळणे शक्य नाही. तेव्हा असे महागडे कंद मागविण्यात अर्थ नाही. याच कुळातील एक फूल येथील मातीत मात्र सहज येते. ते म्हणजे आपल्या रोजच्या कांद्याचे.

कांदा हे दोन हंगामांचे पीक आहे. पहिल्या हंगामात कंद पोसतो. तोच कंद पुन्हा लावला असता हिवाळ्यातील थंड रात्रींमुळे त्यातून पोकळ दांडे निघतात. प्रत्येक दांड्याच्या टोकाशी पातळ पापुद्र्यात झाकलेला गोंडा असतो. पापुद्रा फाटला की शेकडो पांढरी, हिरवट छटेची फुले दोन ते चार आठवडे क्रमाक्रमाने उमलतात. पाण्याची टंचाई असलेल्या गावात एवढ्या थोड्या पाण्यावर अंगण इतके दिवस शोभविणारी फुले फार नाहीत. या फुलाला आपल्याकडे कोणी शोभेचे म्हणत नाही, हा केवळ सवयीचा भाग होय.

चातुर्मासापूर्वी कांदेनवमी साजरी करणारी आणि जेजुरीच्या खंडोबाला चंपाषष्ठीस भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखविणारी ही माणसे. कंद लावण्याचा काळही त्यांना याच सणांच्या मधला सोयीचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, रब्बी हंगामातील साठवलेल्या कांद्यांतून साधारण साठ ते ऐंशी ग्रॅम वजनाचे, बारीक मानेचे, एकाच डोळ्याचे व वाणाच्या रंगाशी जुळणारे कांदे निवडावेत. वरचा एक तृतीयांश भाग कापून, बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून, दोन ओळींत दीड ते दोन फूट व दोन कांद्यांत सुमारे एक फूट अंतर ठेवून ते लावावेत. पाणी साचू देऊ नये. दांडे उंच झाल्यावर वाऱ्याने पडू नयेत म्हणून बुंध्याशी माती चढवावी.

एक गोष्ट येथे आवर्जून सांगितली पाहिजे. कांद्याच्या पिकात काही झाडांना कंद पोसण्यापूर्वीच डेंगळे येतात. फुकटचे बी म्हणून ते गोळा करण्याचा मोह होतो. परंतु असे बी पेरणे म्हणजे लवकर डेंगळे येण्याचा दोष आपणच निवडून पुढे चालविणे. पुढील पिकात डेंगळ्यांचे प्रमाण वाढते आणि कांदा बाजारात उतरत नाही. बी घ्यावे ते पोसलेल्या, निवडलेल्या कंदापासूनच. संकरित वाणाचे बी घरी धरू नये. पिंपळगाव बसवंत येथील एन-२-४-१ किंवा राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा शक्ती, भीमा किरण यांसारखे सरळ वाण यासाठी योग्य आहेत.

दुसरा प्रश्न शेजाऱ्याचा आहे. कांद्याच्या फुलात पराग आधी मोकळा होतो व बीजांडे मागाहून तयार होतात. त्यामुळे परागीभवनासाठी मधमाश्या लागतात, आणि मधमाश्या बांध ओळखत नाहीत. परसात बाजारातून आणलेल्या लाल कांद्याची चार झाडे फुलली आणि जवळच कोणी बीजोत्पादनाचा प्लॉट धरला असेल, तर दोन्हींचे बी मिसळते. प्रमाणित बियाण्यासाठी अन्य वाणापासून किमान ५०० मीटर अंतर ठेवावे लागते ते याच कारणास्तव. वस्तीतील घरांनी आणि शाळेच्या बागेने एकच वाण लावावा, हे ग्रामपंचायतीने ऑक्टोबरपूर्वीच ठरवावे. फुले उमललेली असताना कीटकनाशकाची फवारणी टाळावी.

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. २०२० साली पावसाने रोपवाटिका गेल्या, बियाण्याची चणचण भासली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस केंद्र शासनाला कांदा बियाण्याच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. त्या वर्षी ज्यांच्या घरी उळे होते त्यांना बाजाराकडे पाहावे लागले नाही. हवामान अनुकूल असल्यास एका झाडापासून सुमारे दहा ग्रॅम बी मिळू शकते. म्हणजे दहा-बारा झाडांत एका गुंठ्याच्या लागवडीपुरते बी होते. लसणाची गोष्ट निराळी. आपल्याकडील लसणाला बी धरत नाही, तो पाकळ्यांनीच वाढवावा लागतो.

मार्च-एप्रिलमध्ये गोंड्यातील काही बोंडे फुटून काळे बी दिसू लागले की गोंडा दांड्याच्या थोड्या भागासह कापावा. सगळे गोंडे एकदम पक्व होत नाहीत, म्हणून दोन-तीन वेळा काढणी करावी. सावलीत वाळवून, मळून, उफणून बी हवाबंद डब्यात कोरड्या जागी ठेवावे. कांद्याचे बी साध्या साठवणीत वर्षभरातच उगवणशक्ती गमावते. म्हणून पेरणीपूर्वी शंभर बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. दहा-बारा दिवसांत सत्तरांहून कमी उगवल्या, तर ते बी रोपवाटिकेत टाकू नये.