आलेखातून मध्यक कसा शोधावा? : भिलाईच्या झोतभट्ट्यांपासून नीटच्या पात्रता गुणांपर्यंत

भिलाई – वैद्यकीय प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या नीट परीक्षेत सर्वसाधारण प्रवर्गातील उमेदवाराला पात्र ठरण्यासाठी २०२३ मध्ये ७२० पैकी १३७ गुण पुरेसे होते. २०२४ मध्ये ही मर्यादा १६२ गुणांवर गेली आणि २०२५ मध्ये १४४ वर आली. नियम मात्र तिन्ही वर्षी एकच होता : उमेदवार किमान ५० व्या पर्सेंटाइलवर असला पाहिजे. सर्व परीक्षार्थींना गुणांच्या क्रमाने उभे केले, तर रांगेच्या बरोबर मध्यावर जो उभा राहील त्याचे गुण, हीच ती मर्यादा होय. संख्याशास्त्रात या मधल्या किमतीला मध्यक म्हणतात. परीक्षार्थींची तयारी आणि प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी बदलली की मध्यक सरकतो आणि त्याबरोबर पात्रतेची रेषाही सरकते.

छत्तीसगडमधील भिलाई हे शहर पोलाद कारखान्याप्रमाणेच स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांसाठीही ओळखले जाते. अशा शहरातील मुलांच्या दृष्टीने मध्यक ही केवळ गणिताच्या पुस्तकातील संज्ञा राहत नाही. दहावीपर्यंत त्याचे सूत्र बहुतेकांना पाठ होते. परंतु आकड्यांच्या यादीऐवजी आलेख समोर आला की अनेकांची गल्लत होते. ही गल्लत कोठे होते आणि ती कशी टाळता येते, हे काही उदाहरणांच्या साहाय्याने पाहता येईल.

मध्य, मध्यक आणि माध्यक

पहिली अडचण शब्दांची आहे. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांत सरासरीला 'मध्य', मधल्या किमतीला 'मध्यक' आणि सर्वाधिक वेळा येणाऱ्या किमतीला 'बहुलक' असे म्हटले जाते. हिंदी पाठ्यपुस्तकांत हेच शब्द 'माध्य', 'माध्यक' आणि 'बहुलक' असे येतात. बोलीभाषेत 'मध्य' म्हणजे मधोमध. पुस्तकात मात्र तो शब्द सरासरीसाठी वापरला जातो. त्यामुळे 'मध्य काढा' असे म्हटल्यावर मूल मधला आकडा सांगते.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूर या राजधानीतून चालत असे. हावडा–नागपूर लोहमार्गावरील या भागात मराठी कुटुंबे आजही आहेत. शाळेत हिंदीतून शिकणाऱ्या आणि घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना हा एका अक्षराचा फरक सुरुवातीलाच समजावून देणे आवश्यक ठरते.

सरासरी हलली, मध्यक स्थिर राहिला

सरासरी आणि मध्यक यांतील भेद समजण्यासाठी भिलाईच्या पोलाद कारखान्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. भारत व सोव्हिएत संघ यांच्यातील १९५५ च्या करारातून हा प्रकल्प उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. त्यानंतर टप्प्याटप्प्याने एकूण आठ झोतभट्ट्या बांधण्यात आल्या. मूळ आराखड्यानुसार पहिल्या तीन भट्ट्यांचे उपयुक्त घनफळ प्रत्येकी १०३३ घनमीटर, पुढील तिन्हींचे प्रत्येकी १७१९ घनमीटर आणि सातवीचे २००० घनमीटर होते. २०१८ मध्ये सुरू झालेली आठवी भट्टी 'महामाया' तब्बल ४०६० घनमीटरची आहे.

आठवी भट्टी येण्यापूर्वीच्या सात आकड्यांची सरासरी सुमारे १४६५ घनमीटर येते. क्रमाने मांडल्यास मधला, म्हणजे चौथा आकडा १७१९ आहे. आता आठवी भट्टी यादीत घ्यावी. सरासरी एकदम १७८९.५ वर जाते, म्हणजे सुमारे ३२४ घनमीटरने वाढते. आकड्यांची संख्या सम झाल्यामुळे मध्यकासाठी चौथ्या आणि पाचव्या आकड्यांची सरासरी घ्यावी लागते. हे दोन्ही आकडे १७१९ असल्याने मध्यक जागचा हलत नाही. महामाया दुप्पट मोठी बांधली असती, तरीही तो तेवढाच राहिला असता.

एका टोकाच्या मोठ्या आकड्याने सरासरी ओढली जाते, मध्यक सहसा ओढला जात नाही. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १९०७ मध्ये याच गुणाचा उपयोग केला होता. प्लिमथ येथील प्रदर्शनात एका बैलाच्या मांसाचे वजन ओळखण्याची स्पर्धा झाली होती. तिच्यातील ७८७ अंदाजांचा मध्यक १२०७ पौंड निघाला. प्रत्यक्ष वजन ११९८ पौंड होते.

रांग लावल्याशिवाय मधला नाही

मध्यक शिकवण्याची सर्वांत सोपी पद्धत शाळेच्या मैदानावरची आहे. मुलांना उंचीच्या क्रमाने उभे करावे. दोन्ही टोकांच्या मुलांनी एकाच वेळी खाली बसावे, मग त्यांच्या शेजारच्यांनी. शेवटी उभ्या राहिलेल्या मुलाची उंची हा मध्यक होय. मुलांची संख्या सम असेल, तर दोघे उभे राहतील आणि त्यांच्या उंचीची सरासरी घ्यावी लागेल.

वहीवर मात्र रांग लावण्याची पायरी हमखास गाळली जाते. समजा, नऊ मुलांना शाळेत पोहोचण्यासाठी अनुक्रमे १०, २५, ५, १५, ४०, १०, २०, १२ आणि ८ मिनिटे लागतात. घाईत मधला, म्हणजे पाचवा आकडा उचलला, तर उत्तर ४० येते आणि तो तर यादीतील सर्वांत मोठा आकडा आहे. क्रमाने मांडणी केल्यास ५, ८, १०, १०, १२, १५, २०, २५, ४० अशी रांग तयार होते आणि मध्यक १२ मिनिटे येतो. १० हा आकडा दोनदा आला असल्याने तो दोनदा लिहावा लागतो, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

स्तंभालेखातील दोन सापळे

स्तंभालेखात ही रांग डोळ्यांना दिसत नाही. समजा, एका वर्गातील ३५ मुलांच्या घरी किती माणसे आहेत, याचा आलेख काढला आहे. आडव्या अक्षावर कुटुंबातील माणसांची संख्या ३ ते ७ अशी आहे. या पाच स्तंभांची उंची, म्हणजे मुलांची संख्या, अनुक्रमे ६, १४, ८, ४ आणि ३ आहे.

काही मुले पाच स्तंभांमधला मधला स्तंभ पाहून ५ हे उत्तर देतात. काही मुले स्तंभांच्या उंचीचेच आकडे ३, ४, ६, ८, १४ असे क्रमाने लावून ६ हे उत्तर काढतात. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. आलेखात स्तंभ पाच असले, तरी माहिती ३५ मुलांची आहे आणि मधले मूल म्हणजे १८ वे मूल.

त्यासाठी डावीकडून मोजत जावे. पहिल्या स्तंभात ६ मुले संपतात. दुसऱ्या स्तंभाच्या शेवटी ही संख्या २० होते. १८ वे मूल दुसऱ्या स्तंभात आले, म्हणून मध्यक ४ माणसे. मुलांना प्रत्येक स्तंभावर मुलांच्या संख्येइतके ठिपके काढायला सांगितले, तर स्तंभ म्हणजे एकावर एक उभी केलेली मुले आहेत, हे त्यांना आपोआप कळते. ठिपके मोजण्याची सवय झाली की 'संचित वारंवारता' हा अवघड वाटणारा शब्दही सोपा होतो. संचित वारंवारता म्हणजे आतापर्यंत मोजून झालेल्यांची संख्या, इतकाच त्याचा अर्थ आहे.

गटांत विभागलेली माहिती आणि चढता वक्र

माहिती मोठी असली की ती गटांत विभागली जाते. समजा, ६० विद्यार्थ्यांना शाळेत येण्यासाठी लागणारा वेळ असा आहे : १० मिनिटांपेक्षा कमी ८ विद्यार्थी, १० ते २० मिनिटे १८, २० ते ३० मिनिटे २०, ३० ते ४० मिनिटे १० आणि ४० ते ५० मिनिटे ४ विद्यार्थी. संचित वारंवारता ८, २६, ४६, ५६, ६० अशी वाढत जाते.

गटाच्या वरच्या टोकावर तेथपर्यंतची संचित वारंवारता मांडून बिंदू जोडले की चढत जाणारा वक्र मिळतो. उभ्या अक्षावर निम्मी संख्या, म्हणजे ३० शोधावी. तेथून आडवी रेषा वक्रापर्यंत न्यावी आणि वक्राला भेटताच सरळ खाली उतरावे. रेषा २२ मिनिटांवर येऊन टेकते. हाच मध्यक होय.

सूत्रही हेच सांगते. २० मिनिटांपर्यंत २६ विद्यार्थी मोजून झाले. तिसापर्यंत पोहोचण्यासाठी आणखी ४ हवेत. पुढील गटात २० विद्यार्थी १० मिनिटांच्या अंतरात समान पसरलेले मानले, तर चौघांसाठी २ मिनिटे पुढे सरकावे लागते. म्हणून २० अधिक २, म्हणजे २२. आलेख काढलेल्या मुलाला सूत्रातील प्रत्येक पद कोठून आले, हे सांगता येते. केवळ पाठांतर केलेल्याला ते बहुधा सांगता येत नाही.

पाठ्यपुस्तकातून वगळलेला भाग

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने (एनसीईआरटी) २०२२ मध्ये जाहीर केलेल्या कपातीत दहावीच्या गणितातून संचित वारंवारतेचा आलेख वगळण्यात आला. गटांत विभागलेल्या माहितीचा मध्यक सूत्राने काढण्याचा भाग मात्र कायम ठेवण्यात आला. त्यामुळे ही पुस्तके वापरणाऱ्या शाळांतील मुलांसमोर सूत्र येते. ते ज्या चित्रातून समजते, ते चित्र मात्र परीक्षेसाठी आवश्यक राहिलेले नाही. आलेखाचा एक कागद आणि एक तासिका एवढ्यात ही उणीव भरून काढणे शिक्षकांना किंवा पालकांना शक्य आहे.

बातम्यांतील आकडे वाचताना

शाळेबाहेरही हा भेद उपयोगी पडतो. दरडोई उत्पन्न ही सरासरी असते. एकूण उत्पन्नाला लोकसंख्येने भागून ती काढली जाते. काही मोजक्या लोकांचे उत्पन्न फार वाढले, तरी ती वाढते आणि मधल्या कुटुंबाची स्थिती तीच राहू शकते. याउलट, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारतीयांचे मध्यक वय सुमारे २८ वर्षे आहे. याचा अर्थ निम्मे भारतीय या वयापेक्षा लहान आणि निम्मे मोठे आहेत.

त्यामुळे कोणताही आलेख समोर आला की मुलाला तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. एकूण माहिती किती जणांची आहे? त्यांच्यातील मधल्याचा क्रमांक कितवा? आणि डावीकडून मोजत गेल्यास तो कोणत्या स्तंभात सापडतो? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येतात, त्याला मध्यकाचे सूत्र विसरले तरी मध्यक शोधता येतो.